व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दुरुस्त करताना: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

विदर्भातील जुन्या घरांत माळ्यावर किंवा धान्याच्या कोठीशेजारी व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, एखादा रेडिओ अजूनही पडून असतो. मर्फी, फिलिप्स, बुश, टेलेरॅड, नॅशनल एको अशा नावांचे हे संच बहुतेक १९५० ते १९७० च्या दरम्यानचे असतात. घर पाडून स्लॅब टाकायची वेळ आली की रेडिओ खाली उतरतो, कोणीतरी त्यावरची धूळ झटकतो आणि चालतो का ते पाहू म्हणून प्लग थेट बोर्डात घालतो. हेच करायचे नाही. वर्षानुवर्षे वीज न मिळालेले आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निकामी झालेले असतात, त्यांतून भलताच प्रवाह वाहू लागतो आणि त्याचा भार रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचे डीसी करणारा) व पॉवर ट्रान्सफॉर्मरवर पडतो. कपॅसिटर कोणत्याही दुकानात मिळतो. त्या संचाचा जळालेला ट्रान्सफॉर्मर मात्र पुन्हा गुंडाळूनच घ्यावा लागतो आणि ते काम करणारे कारागीर आता कमी उरले आहेत.

पुढील क्रम ज्यांना सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर वापरता येतो, पण व्हॉल्व्हच्या संचाला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. आत २०० ते ३०० व्होल्ट डीसी खेळत असते, त्यामुळे ज्यांना मीटरचीही सवय नाही त्यांनी पेटीचे काम स्वतः करावे आणि चासीचे (सर्व भाग बसवलेल्या आतील लोखंडी सांगाड्याचे) काम जाणत्या मिस्त्रीजवळ बसून करवून घ्यावे.

१. प्रथम रेडिओचा प्रकार ओळखा

मागील पुठ्ठा काढला की व्हॉल्व्हच्या काचेवर क्रमांक दिसतात. युरोपीय पद्धतीच्या क्रमांकातील पहिले अक्षर पाहावे. ‘ई’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२, ईझेड ८० यांसारखे, असतील तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी आतील तार) ६.३ व्होल्टचे असते आणि संचात बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो. नवख्याने शक्यतो याच प्रकारापासून सुरुवात करावी.

‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह, उदाहरणार्थ यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५, असतील तर तो एसी-डीसी संच आहे. यात सर्व फिलामेंट एकामागे एक जोडून थेट लाइनवर चालवलेली असतात आणि ट्रान्सफॉर्मर नसतो. म्हणजेच लोखंडी चासी घरातील विजेच्या एका तारेला सरळ जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चासीत फेज येतो, आणि काही संचांत तर बटण बंद असतानाही तो तसाच राहतो. या रेडिओच्या बटणांना बाजूने एक बारीक स्क्रू असतो आणि त्याच्या छिद्रात मेण भरलेले दिसते. ते मेण मळ समजून कोरून टाकू नये. स्क्रूला बोट लागून झटका बसू नये म्हणूनच कारखान्यात ते भरलेले असते. काम झाल्यावर ते पुन्हा भरावे.

तिसरा प्रकार खेड्यांत विशेष आढळतो. गावात वीज येण्यापूर्वी कोरड्या बॅटरीवर चालणारे संच घेतले जात. त्यांत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असे ‘डी’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतात. त्यांच्या फिलामेंटला सुमारे १.४ व्होल्ट आणि प्लेटला (व्हॉल्व्हच्या आतील धातूच्या पत्र्याला) सुमारे ९० व्होल्ट लागतात. मूळ बॅटरी आता मिळत नाही, पण नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ९० व्होल्ट होतात आणि फिलामेंटला दीड व्होल्टचा एक मोठा सेल पुरतो. फक्त या दोन जोडण्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. ९० व्होल्ट चुकून फिलामेंटकडे गेले तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जातात. असा संच विजेच्या बोर्डाजवळ नेण्याचे काहीच कारण नाही.

२. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

- डिजिटल मल्टिमीटर, किमान ६०० व्होल्ट डीसी मोजणारा, आणि त्याच्या मगरचिमट्याच्या तारा
- २५ ते ३५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर आणि सोल्डर ओढण्याचा पंप
- सिरीज बोर्ड (रेडिओकडे जाणारा प्रवाह आधी बल्बमधून जाईल असा): एक होल्डर, एक सॉकेट आणि ६० व १०० वॅटचे तारेचे जुने बल्ब (एलईडी बल्ब येथे चालत नाही)
- ‘यू’ मालिकेच्या संचासाठी २३० व्होल्टवरून २३० व्होल्ट देणारा, १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (रेडिओ घरातील लाइनपासून वेगळा ठेवणारा)
- कपॅसिटर रिकामा करण्यासाठी १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेशनच्या लांब तारा जोडलेला
- रंगाचा मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, कापूस
- वही आणि फोटोसाठी मोबाइल

कागदांत सर्वांत मोलाचा म्हणजे आपल्या मॉडेलचा सर्किट डायग्राम. मॉडेल क्रमांक मागील पुठ्ठ्यावर किंवा चासीवरील पट्टीवर असतो. काही संचांत पेटीच्या आतच व्हॉल्व्हच्या जागांचा नकाशा चिकटवलेला असतो. तो कसर लागलेला असला तरी ओढून काढू नये. पूर्वी रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. घरात ते परवाना पुस्तक सापडले तर रेडिओचे निदान वर्ष तरी कळते, आणि त्या काळचा डायग्राम शोधणे सोपे जाते. असा परवाना आता लागत नाही.

साधे भाग नागपुरात सीताबर्डीकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळू शकतात. व्हॉल्व्हसाठी जुने रेडिओ मिस्त्री, भंगारवाले किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार असा शोध घ्यावा लागतो. तालुक्याच्या गावातील जुन्या मिस्त्रीच्या कपाटात अजूनही कोरे व्हॉल्व्ह निघतात, त्यामुळे तेथे आधी विचारावे.

३. उघडताना आणि साफ करताना

उघडण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटात आहे ते वहीत काढून मगच ते उपसावेत. व्हॉल्व्ह सरळ वर ओढावा. हलवून हलवून काढला तर काचेच्या बुडाला तडा जातो. काचेवरील छपाई बोटानेही पुसली जाते, म्हणून अक्षरांवर कापड फिरवू नये. बटणे आणि स्पीकरच्या तारा सुट्या केल्यावर पेटीच्या बुडाचे बोल्ट काढून चासी मागे सरकवावी.

आत काय निघेल ते सांगता येत नाही. कुटाराची (भुशाची) बारीक धूळ, उंदराने कुरतडलेल्या तारा आणि स्पीकरच्या मागे कुंभारमाशीने बांधलेली मातीची घरटी हे नेहमीचेच. घरटे कोरडे असताना उपटले तर स्पीकरचा कागद त्याच्यासोबत फाटतो. मातीवर ब्रशने थेंब थेंब पाणी लावून ती मऊ करावी आणि कागद भिजणार नाही अशा बेताने थराथराने उतरवावी. धूळ कोरड्या ब्रशनेच काढावी. ट्यूनिंग गँगच्या (स्टेशन बदलताना फिरणाऱ्या भागाच्या) पातळ पात्यांत फक्त हवा मारावी, कारण एक पातेही वाकले तर स्टेशनांच्या जागा सरकतात.

डायलच्या काचेबद्दल वेगळे सांगणे भाग आहे. मुंबई, नागपूर, सिलोन अशी नावे काचेच्या आतील बाजूला रंगाने छापलेली असतात, आणि तो रंग इतका कच्चा असतो की ओल्या कापडाच्या एका हातात अख्खी अक्षरे उतरून येतात. काच फक्त पुढील बाजूने पुसावी. आतील बाजूला मऊ कोरडा ब्रश पुरे. पाणी, साबण, स्पिरिट यांतील काहीही तिकडे नको.

डायलची दोरी तुटलेली नसेल तर तिचा मार्ग आताच रेखाटून ठेवावा. ती कोणत्या चाकावरून किती वेढे घेऊन जाते हे नंतर आठवत नाही. नवी दोरी न मिळाल्यास मासेमारीची विणलेली नायलॉन दोरी चालते. एकपदरी तंगूस घसरतो.

४. वीज न देता मीटरने तपासा

पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काही दहा ओहम, उच्च दाबाच्या सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्या भागाला काहीशे ओहम आणि फिलामेंटच्या वेढ्याला एक ओहमपेक्षाही कमी असे वाचन यायला हवे. यानंतर स्पीकरजवळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर पाहावा. त्याची प्रायमरी केसासारख्या बारीक तारेची असते आणि ओलीने ती आतून तुटते. मुका झालेल्या रेडिओत हे कारण वारंवार सापडते. तेथे काहीशे ओहम मिळाले तर बरे, काहीच वाचन नसेल तर तो बदलावा.

व्हॉल्व्हचे फिलामेंट तपासणे सोपे आहे. वर नावे दिलेल्या नऊ पिनांच्या ‘ई’ आणि ‘यू’ मालिकेच्या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट ४ आणि ५ क्रमांकांच्या पिनांवर असते. व्हॉल्व्ह उलटा धरावा, पिनांमधील रुंद फट शोधावी आणि तेथून घड्याळाच्या दिशेने मोजावे. ‘यू’ मालिकेत एकाचे जरी फिलामेंट तुटले तरी साखळी खंडित होते आणि एकही व्हॉल्व्ह पेटत नाही. त्यामुळे सगळे व्हॉल्व्ह गेले असा निष्कर्ष काढून पूर्ण संच विकत घेऊ नये.

रबराच्या इन्सुलेशनच्या तारा वाकवून पाहाव्यात. रबर तडकून गळत असेल तर ती तार बदलण्याला पर्याय नाही.

५. कपॅसिटर बदला

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. तपकिरी मेणाच्या किंवा डांबरासारख्या लेपाच्या कागदी नळ्या म्हणजे पेपर कपॅसिटर. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसाळी हवेत त्यांतील कागद ओल धरतो आणि ते गळू लागतात. मीटरवर ते चांगले दिसले तरी फसू नये, कारण मीटर काही व्होल्टनेच तपासतो आणि प्रत्यक्षात त्यांच्यावर दोनशेच्या वर व्होल्ट येतात.

त्यातही एक कपॅसिटर असा आहे की बाकी काही करणार नसाल तरी तो बदलावाच. आवाज वाढवणाऱ्या पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या आतील जाळीकडे) जाणारा, साधारण ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. त्याचे काम आवाजाचा सिग्नल पुढे सोडणे आणि डीसी अडवणे हे आहे. तो गळू लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येते, आउटपुट व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, आणि सुरुवातीला उत्तम वाजणारा रेडिओ अर्ध्या तासात फाटक्या आवाजात बोलू लागतो. तसाच चालू ठेवला तर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर असे एकामागून एक जातात.

पेपर कपॅसिटरच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर घालावेत. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचे घ्यावेत. मूळ ५० मायक्रोफॅरड असेल तर ४७ चालतो, पण घरघर कमी व्हावी म्हणून २२० घालू नये, कारण पेटताना रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ओढा पडतो. ईझेड ८० ची मर्यादाच ५० मायक्रोफॅरड आहे. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बाजू दोनदा तपासावी. काही संचांत फिल्टरची निगेटिव्ह बाजू थेट चासीला नसून एका रेझिस्टरमार्फत जोडलेली असते, तेव्हा चासी म्हणजे निगेटिव्ह असे गृहीत न धरता डायग्राम पाहावा.

लाइनच्या दोन तारांमध्ये असलेल्या कपॅसिटरच्या जागी एक्स-२ वर्गाचा आणि चासीपासून एरियल किंवा अर्थच्या सॉकेटकडे जाणाऱ्याच्या जागी वाय वर्गाचा कपॅसिटरच लावावा. साधा कपॅसिटर शॉर्ट झाला तर एरियलच्या तारेत फेज येतो.

एका वेळी एकच भाग काढावा, नवा लावावा, वहीत खूण करावी, मग दुसरा. सगळे जुने भाग उपटून मग नवे लावायला बसणाऱ्याचा रेडिओ सहसा पूर्ण होत नाही. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कपॅसिटर बहुधा शाबूत असतात, त्यांना हात लावू नये. कार्बन रेझिस्टरचे ओहममधील मूल्य वयानुसार वाढते. छापील मूल्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक सरकलेले तेवढे बदलावेत.

६. पहिल्यांदा वीज देताना

रेडिओच्या मागे व्होल्टेज निवडण्याची पट्टी असेल तर ती २४५ किंवा त्याजवळच्या खुणेवर ठेवावी. गावाकडे संध्याकाळी पंप, टीव्ही एकदम सुरू असताना व्होल्टेज पडलेले असते आणि मध्यरात्री तेच २५० च्या वर जाते, म्हणून संध्याकाळच्या मोजमापावर विसंबू नये.

प्लग सिरीज बोर्डात घालावा आणि ६० वॅटचा बल्ब लावावा. ट्रान्सफॉर्मरच्या संचात आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवावा. बल्ब जवळजवळ विझलेला राहिला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. मग व्हॉल्व्ह बसवून १०० वॅटच्या बल्बावर पुन्हा वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाता येते. तो लखलखीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करावे. रेक्टिफायरमध्ये निळा प्रकाश चमकला, एखाद्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झाली किंवा जळका वास आला तरीही तेच करावे.

तपासताना एक हात पाठीमागे ठेवावा, पायात रबरी चप्पल असावी आणि शेणाने सारवलेल्या ओल्या जमिनीवर बसून हे काम मुळीच करू नये. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावलेला असताना घरातील आरसीसीबी (झटका बसताच वीज तोडणारा स्विच) आपले रक्षण करत नाही, हेही ध्यानात ठेवावे. वीज बंद केल्यावर फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करून, मीटरवर शून्य पाहूनच आत हात घालावा.

सर्व सुरळीत असेल तर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरील व्होल्टेज मोजावे. ते शून्य किंवा किंचित निगेटिव्ह असावे. पॉझिटिव्ह असेल तर कपलिंग कपॅसिटर किंवा खुद्द व्हॉल्व्ह दोषी आहे.

७. स्टेशन लावताना

आवाजाचे बटण फिरवताना खरखर झाली किंवा बँडचा स्विच बदलताना रेडिओ गप्प झाला, तर त्यांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीसेक वेळा फिरवावेत. गंज सोडवण्याचे तेल तेथे वापरू नये. आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीवर जुळवलेल्या कॉइलच्या) डब्यांवर असलेले स्क्रू मात्र कितीही मोह झाला तरी फिरवू नयेत. ते कारखान्यात सिग्नल जनरेटरवर लावलेले असतात आणि कानाने पुन्हा जुळत नाहीत.

जुन्या डायलवर बहुधा मीटरचे आकडे असतात. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागले की मीटर मिळतात. नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे डायलवर सुमारे ५१३ मीटर. काटा तेथे नेऊन पाहावे. नुसती खरखर आली तर दोष लगेच रेडिओला देऊ नये. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर हे सर्व मध्यम लहरीवर गोंगाट करतात. घरातील इतर सर्व वस्तूंची बटणे बंद करून पुन्हा ऐकावे. वीज गेली की हवा अगदी स्वच्छ होते, पण तेव्हा आपला रेडिओही गप्प असतो. बॅटरीचा संच असलेल्यांनाच ते सुख आहे.

एरियलसाठी दहा ते पंधरा मीटर तांब्याची तार उंचावर, विजेच्या तारांपासून दूर ताणावी. ट्रान्सफॉर्मरच्या संचाला तीन पदरी वायर घालून चासी अर्थ करावी. ‘यू’ मालिकेच्या चासीला अर्थची तार कधीही जोडू नये.

८. पेटीचे काम

अनेक पेट्या प्लायवुडवर सागाचा किंवा अन्य लाकडाचा पातळ थर चिकटवून केलेल्या असतात. तो थर कागदापेक्षा थोडाच जाड असल्यामुळे घासण्याचे यंत्र लावले की खालचे प्लाय उघडे पडते, आणि मग रंग मारण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. शेजारच्या फर्निचरवाल्याकडे पेटी दिली तर तो दोन तासांत यंत्राने घासून चकचकीत मेलामाइन मारून देईल. मला ते पटत नाही. तो रेडिओ मग टीव्हीच्या स्टँडसारखा दिसतो.

प्रथम पेटी साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या कापडाने पुसून लगेच कोरडी करावी. पुष्कळदा एवढ्यानेच जुने पॉलिश वर येते आणि पुढचे काही करावे लागत नाही. पॉलिश गेलेलेच असेल तर ते कशाचे होते हे आधी ओळखावे. पेटीच्या बुडाकडील न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवावा. चिकट झाले तर लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही न होता थिनरने विरघळले तर ते लॅकर आहे.

लाकडाचा थर सुटला असेल तर त्याखाली सुरीने पांढरा लाकडी गोंद सरकवून, वर कागद आणि सपाट फळी ठेवून रात्रभर दाबावे. जुने चिकटकाम सरसाचे असेल तर कापडावरून कोमट इस्त्री फिरवल्यावर तो पुन्हा धरतो. बुडाला वाळवीची माती किंवा भुंग्याची भोके दिसली तर वाळवीनाशक आतून सोडून पेटी आठवडाभर वेगळी ठेवावी, मगच घरात आणावी.

लाखेच्या पॉलिशसाठी एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजत घालून फडक्यातून गाळून घ्यावी. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर लाख घेतली जाते, त्यामुळे हा माल आपल्याला परका नाही. सुती कापडात कापूस बांधून बोळा करावा, त्याला पॉलिश पाजावे आणि रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवावे. बोळा मध्ये थांबला की तेथे डाग पडतो. एक हात वाळल्यावर दुसरा. दर दोन-तीन हातांनंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलके घासावे. जवळ चूल, दिवा, विडी काही नको. कंपनीचे नाव किंवा चिन्ह छापील असेल तर त्यावर बोळा नेऊ नये.

ऋतू पाहूनच हे काम काढावे. पावसाळ्यात हवेतील ओल धरून लाखेवर पांढुरका धुरकट थर येतो. नवतपाच्या (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या) उन्हात स्पिरिट बोळ्यातच उडते आणि हाताचे पट्टे राहतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ आपल्याकडे उत्तम. फक्त थंडीत ऊन चढल्यावर बसावे आणि अंगणात मळणी किंवा कुटार भरणे चालू असेल त्या दिवशी पॉलिश करू नये.

पेटी बेकलाइटची असेल तर लाख किंवा थिनर काहीच लागत नाही. पितळ घासण्याच्या पॉलिशने हलके चोळून मेण लावले की पुरते. ती पाण्यात बुडवून ठेवू नये.

स्पीकरपुढील कापड फाटलेले असेल तर विरळ विणीची खादी घेता येते. कापड ओठांशी धरून फुंकावे. हवा सहज पलीकडे गेली तर आवाजही जाईल.

९. जोडणी आणि पुढील वापर

पॉलिश पूर्ण वाळल्यावरच चासी आत सरकवावी. लाइनला एक अँपिअरचा फ्यूज घालावा. मूळ संचात नसला तरी तो असावा. मागील छिद्रांचा पुठ्ठा लावल्याशिवाय रेडिओ चालवू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. पुठ्ठा हरवला असेल तर हार्डबोर्डला छिद्रे पाडून नवा करावा. छिद्रांवर बारीक जाळी लावली की उंदीर, पाली येत नाहीत आणि उष्णताही बाहेर पडते. भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे.

महिन्यातून दोनदा तरी तासभर रेडिओ लावावा, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चांगले राहतात. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, तेव्हा आवाज आला नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. एप्रिल-मे महिन्यांतील वादळी पाऊस आणि मृगाची गडगड सुरू झाली की लाइनचा प्लग आणि एरियल दोन्ही काढून ठेवावेत, आणि एरियलचे टोक घरात लोंबते न ठेवता खिडकीबाहेर अर्थच्या रॉडला जोडावे.